शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू असताना पहिली नोकरी: घरून वेर्णा की खोली घेऊन पुणे?

आमच्या गोव्यातल्या साखळी-डिचोली-वाळपईकडच्या मुलांपुढे डिग्री हातात आली की हाच प्रश्न येतो. मी दोन्ही करून पाहिलंय. दोन वर्षं घरून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो, आणि 2023 च्या नोव्हेंबरपासून चाकणला आहे, आकुर्डीत खोली घेऊन. त्यामुळे हे लिहिताना मी तटस्थ आहे असं म्हणणार नाही, पण दोन्हीकडचं जे पाहिलं ते सांगतो.

आधी कर्जाचं, कारण ते नसतं तर हा प्रश्न एवढा नडला नसता. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. 2012 साली खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालू झाल्या, आणि 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणींच्या 88 लीज गेल्या तेव्हा ट्रक अंगणातच उभा राहिला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. दरवर्षी एक लाख असं चार लाखांचं कर्ज बँकेतून काढलं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून तिथेच थांबलो. वडिलोपार्जित घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमच्याकडचा सातबारा) सात नावं असताना तारण ठेवणं कसं असतं हे गोव्यात कोणाला वेगळं सांगायला नको.

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज असतं. माझा दर दहा टक्क्यांच्या आसपास होता. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन, असं मिळून 1,40,000 रुपये व्याज मुद्दलात गेलं. हप्ता सुरू झाला तेव्हा चार लाखांचे 5,40,000 झालेले होते आणि दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याला 7,100 बसले. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी या काळातल्या व्याजावर केंद्राचं अनुदान मिळतं. त्याचा अर्ज आम्ही वेळेवर केला नाही. धाकटं भावंड शिकत असेल तर तुम्ही तो चुकवू नका. ज्यांनी गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज घेतलं आहे त्यांचं गणित वेगळं आहे. थांबण्याने त्यांचा आकडा फुगत नाही, त्यांनी पुढचं वाचताना ते लक्षात ठेवावं.

सरकारी नोकरीची वाट पाहणं हा तिसरा पर्याय मी तुलनेत घेत नाही. जाहिरात आली की फॉर्म जरूर भरा. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान आपल्याकडे असतंच, गोवा कर्मचारी निवड आयोगाची परीक्षाही द्या. पण जाहिरात, परीक्षा आणि निकाल यांत किती महिने जातील ते आपल्या हातात नाही, आणि हप्त्याविना मिळणारं वर्ष मात्र मोजून एकच असतं.

आता वेर्णा. घरून नोकरीचं सुख मोठं आहे, ते कमी लेखू नका. पहिल्या पाळीला कंपनीची बस साखळीहून पहाटे सव्वापाचला सुटायची, आई त्याआधी उठून डबा करायची. कुठ्ठाळीच्या कोंडीत पूर्वी जीव जायचा, पण 2022 च्या डिसेंबरात झुवारीचा नवा पूल सुरू झाला आणि परतीचा पाऊण तास वाचला. हातात 15,500 यायचे. हप्ता गेला, घरी तीन हजार दिले, तरी पाचेक हजार उरायचे. भाडं नाही, मेस नाही, व्यवसाय कर नाही.

पुण्यात हातात 23,000. खोलीचा माझा वाटा साडेचार हजार, मेस साडेतीन, फोन आणि किरकोळ दीड, हप्ता 7,100. उरतात साडेसहाच्या आत, आणि त्यातून गावी येण्याजाण्याचं तिकीट. महाराष्ट्रात व्यवसाय कर कापतात, वर्षाला 2,500. वर सुरुवातीला दोन महिन्यांचं डिपॉझिट घालावं लागलं, ते मित्राकडून घेतलं होतं. म्हणजे महिन्याच्या हिशोबात दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, आणि घरचं जेवण धरलं तर वेर्णा पुढेच. एवढ्यावर ठरवायचं असतं तर मी आजही सव्वापाचच्या बसमध्ये असतो.

माझं ठरलं ते एका वेगळ्याच गोष्टीवर. वेर्ण्याला मी कंपनीत काम करत होतो, पण कंपनीचा नव्हतो. पे-स्लिपवर कॉन्ट्रॅक्टरचं नाव. करार अकरा महिन्यांचा, मग ब्रेक, मग पुन्हा नव्याने अकरा महिने. रुजू होताना सुपरवायझर म्हणाला होता, आठवड्याभराचा ब्रेक असतो, नावापुरता. पहिला ब्रेक 34 दिवसांचा झाला. तो 2022 च्या सप्टेंबरात आला, हप्ते सुरू होऊन तिसराच महिना होता. साठवलेलं होतं त्यातून भागलं.

दुसरा ब्रेक 2023 च्या ऑगस्टअखेर सुरू झाला. 19 सप्टेंबरला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. माटोळीचं (गणपतीवर बांधतात त्या फळा-पानांच्या मांडवीचं) सामान, भजनाला येणाऱ्यांचा चहा-फराळ, आईसाठी साडी, या सगळ्यांत मी हात आखडला नाही, कारण पुढच्या आठवड्यात बोलावतील असंच वाटत होतं. बोलावलं नाही. 5 ऑक्टोबरला खात्यात पुरेसे पैसे नव्हते आणि हप्ता परत गेला. बँकेने दंड लावला, त्यावर जीएसटी. पण दंडाचं एवढं नाही.

शैक्षणिक कर्जात बाप सहकर्जदार असतो. बँकेचा फोन मला आला नाही, बाबांना आला. ते तेव्हा दुसऱ्याच्या पिकअपवर बदली ड्रायव्हर होते, खताच्या गोणी उतरवत होते, आणि मालक शेजारी उभा होता. बाबांनी फोन घेतला आणि त्याच्यासमोर तीन वेळा म्हटलं, 'भरतो साहेब, भरतो.' संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मला काही विचारलं नाही. शर्टाच्या खिशातून दोन हजार काढून टेबलावर ठेवले आणि आंघोळीला गेले. बाकीचे आईने पतसंस्थेतून काढले.

आठवड्याभराने कॉन्ट्रॅक्टरचा निरोप आला, सोमवारपासून या. मी गेलो नाही. चाकणच्या एका कारखान्याचा इंटरव्ह्यू तोवर देऊन झाला होता. तिथे आणखी एक गोष्ट कळली. अनुभवाचं पत्र मागितलं तेव्हा माझ्याकडे कॉन्ट्रॅक्टरचं होतं, आणि त्यात माझा हुद्दा 'सेमीस्किल्ड' असा होता. दोन वर्षं मशीनचं सेटिंग मी केलं, शिफ्टचा रिपोर्ट मी लिहिला. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी ते पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि मला फ्रेशर म्हणूनच धरलं.

पुण्यात मी कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट तिच्याच नोकरीत आहे. पगार पुण्यात जास्त मिळतो असं मी म्हणत नाही, खर्च वजा जाता तो मिळतही नाही. पण तो बारा वेळा मिळतो, आणि हप्तेही बाराच असतात. गेल्या चवथीला बाबांनी माटोळी एकट्याने बांधली, मी आदल्या रात्री पोचलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. वेर्ण्यात, कुंडईत चांगल्या कंपन्या आहेत, आणि माझ्याबरोबरचे दोघे थेट रोलवर लागले. ते घरी आहेत, त्यांचे हप्ते नीट चालू आहेत, आणि त्यांनी पुण्याला यावं असं मी कधी सुचवणार नाही. घर वेर्ण्याजवळ सासष्टीत असेल, कर्ज बिनव्याजी असेल किंवा घरात दुसरा नियमित पगार येत असेल, तर कंत्राटी नोकरीसुद्धा वर्षभर करून पाहायला हरकत नाही. पण हप्ता तुमच्याच पगारावर असेल आणि सहकर्जदाराच्या जागी थकलेला बाप असेल, तर माझा कल पुण्याकडे आहे.

ऑफर हातात आली की पगाराआधी दोन गोष्टी विचारा: स्लिपवर नाव कोणाचं, आणि बाराव्या महिन्यात काय. उत्तर लेखी घ्या. हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर चारपाच दिवसांची करून घ्या, बँकेत अर्ज दिला की करून देतात, मी दिला तो उशिरा. आणि पुण्याला आलात तर चवथीची रजा जुलैतच मागून ठेवा. चोर्ला घाटातून येणाऱ्या बसची तिकिटं नंतर मिळत नाहीत.