आठ महिने, दोन वह्या आणि पर्यावरणावरचे निबंध: बी२ फर्स्टच्या लेखन-सरावाचा अनुभव

मे महिन्यात सराव सुरू केला आणि डिसेंबरात पुण्याला जाऊन केंब्रिजची बी२ फर्स्ट ही इंग्रजीची परीक्षा दिली. मी दापोली तालुक्यातल्या अंजर्ल्याचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या. पाहुण्यांशी इंग्रजी बोलताना अडत नव्हतं, पण लिहायला बसलो की दुसऱ्याच वाक्याला हात थांबायचा. म्हणून सगळा जोर लेखनावर दिला, त्यातही पर्यावरणावर, कारण सराव-पत्रिकांत तो विषय सारखा भेटतो. आपल्या बाजूच्या मुलांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

लेखनाला ८० मिनिटं, उत्तरं दोन, प्रत्येकी १४० ते १९० शब्दांची. पहिलं उत्तर म्हणजे निबंध, तो सक्तीचा. प्रश्नाखाली दोन मुद्दे छापलेले असतात आणि तिसरा तुमच्या मनाचा घालायचा असतो. माझे आठ महिने खरं तर या तिसऱ्या मुद्द्यापायी गेले.

पहिले दोन महिने बी१च्या, म्हणजे बी२च्या खालच्या पायरीच्या, परीक्षेच्या पातळीवर काढले. तिथे साधारण १०० शब्दांचा ईमेल आणि तेवढाच लेख किंवा गोष्ट, वेळ ४५ मिनिटं. किनारा साफ करायला मित्राला बोलावणं वगैरे. थेट बी२ला हात घालण्यापेक्षा हे बरं पडलं. छोटी वाक्यं न घाबरता लिहायची सवय लागली.

मग नमुना-उत्तरं पाठ करायला घेतली. माझे सर्वांत वाया गेलेले दिवस तेच. त्यांत सायकलचे मार्ग, रंगीत कचरापेट्या, भुयारी रेल्वे. मी तेच उतरवायचो आणि शेवटी ‘जास्त झाडं लावली पाहिजेत’ असं ठोकून द्यायचो. व्याकरण बरं असायचं, तरी उत्तरात जीव नसायचा. दापोलीतल्या एक निवृत्त शिक्षिका वह्या तपासून द्यायच्या. त्यांनी एकदा त्या झाडांच्या वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, “अरे, ‘निसर्ग’ चक्रीवादळात तुमची सुपारीची वाडी पडली ना? मग झाड लावलं की काम झालं, असं तुझ्या घरी कोण म्हणेल?”

३ जून २०२० च्या त्या वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या होत्या. नव्या लावलेल्या पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं तरी लागतात. तेव्हा उभी झाडं जपणं हे नवी लावण्याइतकंच निकडीचं, हा मुद्दा मी त्या रात्री चार सोप्या वाक्यांत लिहिला. बाईंनी पहिल्यांदाच समासात बरोबरची खूण केली.

त्यानंतर मी उलट्या बाजूला घसरलो. प्रत्येक निबंधात ऑलिव्ह रिडले कासवं आणायला लागलो. आमच्या किनाऱ्यावर त्यांची अंडी सुरक्षित जागी हलवतात, एका घरट्यात शंभरेक तरी असतात. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निपजतात. हवामानबदलावर याहून चांगलं उदाहरण मला आजही सुचत नाही. पण एकदा प्रश्न होता शहरातल्या वाहतुकीवर, आणि माझे २६० शब्द झाले होते. बाई म्हणाल्या, “कासव राहू दे. आधी प्रश्न काय विचारलाय ते मला मराठीत सांग.” मला सांगता येईना.

तेव्हापासून पहिली सात मिनिटं पेन उचलायचं नाही असं ठरवलं. प्रश्न मराठीत मनाशी म्हणायचा, दोन्ही मुद्द्यांना एकेक कारण शोधायचं, आणि तिसरा मुद्दा आपल्या किनाऱ्यावरचा, पण प्रश्नाला चिकटणारा. कचऱ्याचा प्रश्न असेल तर पावसाळ्यातल्या उधाणात वर येणारी फाटकी जाळी आणि थर्माकोल. तिथे कासवही चालतं, कारण ते त्याच जाळ्यात अडकतं. गावाचं नाव मात्र गाळायचं आणि ‘मी राहतो त्या किनाऱ्यावर’ म्हणायचं, म्हणजे कुठल्याही वाचकाला कळतं.

भाषेच्या चुका मराठी माणसाच्या ठरलेल्या आहेत. इंग्रजीत नामाआधी लागणाऱ्या ‘द’सारखा (the) शब्द मराठीत नाही, त्यामुळे ‘एन्व्हायर्नमेंट’च्या आधीचा ‘द’ हमखास सुटतो. ‘पोल्यूशन’, ‘वेस्ट’, ‘रबिश’ यांचं अनेकवचन होत नाही, मी सर्रास करायचो. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही. ओझोनचं छिद्र आणि तापमानवाढ ही एकच गोष्ट समजून मी सहा निबंध लिहिले होते. ती भाषेची चूक नव्हे, समजुतीची, आणि ती बाईंनीच पकडली.

ऑनलाइन तपासणीचं एक फुकट साधनही वापरलं, नाव देत नाही. स्पेलिंग आणि क्रियापदांच्या चुका ते झटकन दाखवायचं, रात्री अकराला वीज आली तरी हजर. पण मी ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’ पेरले की पातळी वर दाखवायचं, मुद्दा पोकळ असला तरी. ओझोनच्या घोटाळ्यावर त्याने एकदाही बोट ठेवलं नाही. रोजच्या सरावाला ते घ्या, पण आठवड्यातून एक निबंध माणसाकडून तपासून घ्या.

एक पश्चात्ताप आहे. दोन्ही वह्या मी हाताने भरल्या आणि परीक्षा संगणकावर दिली. शेवटच्या उत्तराला वेळ पुरला नाही, समारोप एका ओळीत उरकावा लागला. संगणकावरची परीक्षा घेणार असाल तर निम्मा सराव टंकूनच करा.

लेखनात १६९ मिळाले. केंब्रिजच्या मोजपट्टीवर १६० ते १७९ म्हणजे बी२. आता चुलत बहिणीने माझ्या वहीची कोरी पानं घेऊन बी१चा पहिला ईमेल लिहिलाय, विहिरीच्या पाण्याला मे महिन्यात येणाऱ्या खारेपणावर. विषय तिचा तिनेच निवडला. ‘द’ दोन ठिकाणी सुटलाय.