भर उन्हात "सिरॅमिक कोटिंग" करून देणाऱ्यांपासून सावध, सांगलीतला अनुभव

सांगली-मिरज-कुपवाड भागात कुणी दारात येऊन गाडीला पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पारदर्शक संरक्षक थर) करून देतो म्हणत असेल, ते पण भर दुपारी उन्हात, तर आधी हे वाचा मग त्याला हो म्हणा.

विश्रामबागला आमच्या बिल्डिंगखाली एप्रिलमध्ये दोघं जण व्हॅन घेऊन आलेले. 9000 चं काम 5500 ला, वर 3 वर्षं वॉरंटी. गाडी गडद निळी, साखर कारखान्याची काजळी हंगामात बोनेटवर बसते आणि वॉचमन ती कोरड्या फडक्यानं पुसतो, त्यामुळं बारीक रेघा भरपूर. मी म्हटलं खाली पार्किंगमध्ये सावली आहे तिथं करा, तर म्हणतो "नको साहेब, ऊनच पाहिजे, उन्हात मटेरियल पक्कं बसतं, सावलीतलं महिन्यात उडतं."

ही थाप पटते कारण ती अर्धी खरी आहे. कोटिंग लावून, पुसून झाल्यावर ते पक्कं व्हायला चांगल्या स्टुडिओत इन्फ्रारेड दिवे लावतात, पण ती नंतरची गोष्ट. पॉलिश करताना आणि कोटिंग लावताना पत्रा गार पाहिजे. एप्रिलमध्ये दुपारी गडद रंगाच्या बोनेटवर हात ठेवून बघा, टिकतोय का. त्यावर कंपाऊंड (घासायची पेस्ट) टाकलं की ते लगेच वाळतं, मागं राहते नुसती पावडर, ती पॅडखाली खरडत राहते, मग हा मशीन अजून दाबणार आणि पत्रा अजून तापणार. हा गडी मधेमधे बाटलीनं पाणी शिंपडायचा आणि परत दाबायचा. त्यात मशीन साधी रोटरी (एकाच जागी गरगर फिरणारी) आणि पॅड लोकरीचा, म्हणजे सगळ्यात जास्त कापणारी जोडी.

मधेच मशीन थांबवून त्यानं मला पॅड दाखवला, पूर्ण निळा. "बघा साहेब, किती मळ निघाला." कुपवाडच्या पेंटवाल्याला नंतर हे सांगितलं तर तो हसायलाच लागला, मळ निळा असतो व्हय म्हणाला. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. पॉलिशमध्ये घासला जातो तो हा थर, त्यामुळं पॅडवर पांढरट काहीतरी यायला पाहिजे. गाडीचाच रंग आला म्हणजे क्लिअर कोट संपला आणि खालचा रंग निघायला लागला. (क्लिअर कोट नसलेल्या जुन्या सॉलिड रंगाच्या गाड्यांचं वेगळं, त्यांचा रंग येतोच.)

संध्याकाळी गाडी मात्र अशी चमकत होती की शेजारचे पण नंबर मागायला लागले. ती चमक ग्लेजची, तेल-सिलिकॉन-वॅक्सचं मिश्रण असतं, रेघांमध्ये भरून बसतं आणि रेघा दिसेनाशा होतात. पैसे यूपीआयवर तिसऱ्याच कुणाच्या तरी नावावर घेतले, बिल "व्हॉट्सॅपला टाकतो". आणि जाताना सांगून गेला, आठ दिवस गाडीला पाणी लावू नका. खरी चलाखी इथं आहे, कारण खऱ्या कोटिंगनंतर पण काही दिवस धुऊ नका असंच सांगतात, त्यामुळं संशय येत नाही आणि ह्याला गाव सोडायला आठवडा मिळतो.

शाम्पूनं धुतली आणि सगळं उघडं पडलं. पाणी थेंब होऊन पळायच्या ऐवजी पसरून बसलं, म्हणजे कोटिंग नव्हतंच, उन्हात बघितलं तर बोनेटवर आणि दारांवर मशीनचे फिरते पट्टे, आपण सरकलो की तेही सरकतात, ह्याला होलोग्राम म्हणतात. बोनेटच्या उठावाच्या धारेवर बोटभर पट्टी निस्तेज झालेली आणि तिच्या टोकाला नखाएवढ्या जागेत खालचा करडा प्रायमर दिसतोय. वायपरखालच्या काळ्या प्लॅस्टिकवर कंपाऊंड वाळून पांढरं झालंय ते अजून निघालं नाही. पेंटवाल्यानं रंगाची जाडी मोजायचं मीटर लावून बघितलं, बाकीचं नीट पॉलिश करून सुधारेल पण बोनेट रंगवायलाच लागणार.

फोन अर्थातच बंद. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, तर दुकानाचं नाव, पत्ता, बिल मागतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण नोटीस पाठवायची कुठं, व्हॅनच्या पत्त्यावर?

कुणाला काम करून घ्यायचंच असेल तर पॉलिश झाल्यावर, कोटिंग लावायच्या आधी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून एक पॅनल पुसायला लावा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. ग्लेज भरलेलं असेल तर रेघा तिथंच परत वर येतात. नीट काम करणारा माणूस हे स्वतःहून करतो, कारण पत्रा असा साफ केल्याशिवाय कोटिंग धरतच नाही. जो टाळाटाळ करेल त्याला तिथंच थांबवा.

काल मेव्हण्याचा फोन आलेला, मिरजेत पंढरपूर रोडला तसलीच पत्रकं वाटलीत म्हणे. रेट आता 4500, आणि वॉरंटी वाढवून 5 वर्षं केलीय.