तेलाच्या डब्याचा स्मोकर: तंगडीला पास, मटणाला नापास

पंधरा किलो तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा साधारण २३ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी उंच असतो. घरगुती स्मोकरसाठी, म्हणजे मांस-मासे मंद धगीवर धुरात शिजवायच्या यंत्रासाठी, हे माप छोटं, पण सोयीचं आहे. रिकामा डबा किराणा दुकानात नाहीतर वडापावच्या गाडीवर सहज मिळतो. घेताना आत डोकावून पहा. आतून पिवळसर-सोनेरी लाखेसारखा थर असेल तर तो डबा नको, रंगाचा किंवा केमिकलचा तर फुकट मिळाला तरी नको. सांध्यावर सोल्डरची जाड राखाडी रेघ दिसली तर त्यात शिसं असू शकतं, म्हणून तोही बाजूला ठेवा.

बाकी सामान स्वयंपाकघरातलंच: तांदूळ धुवायची जुनी स्टीलची रोवळी (१८ सेंमीपर्यंत रुंद), पाण्यासाठी एक खोलगट स्टीलचा डबा, पापड भाजायची जाळी, कबाबाच्या चार स्टीलच्या शिगा. रोवळी अॅल्युमिनियमची चालणार नाही, कोळशाच्या धगीत ती वितळते. जाळी आणि शिगा जस्ताचा मुलामा दिलेल्या नकोत, कारण जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याची वाफ छातीत गेली की थंडी वाजून ताप भरतो. अशा मुलाम्यावर बऱ्याचदा तुरटीच्या खड्यांसारखी नक्षी दिसते.

वरचा पत्रा तीन बाजूंनी कापला की झाकण तयार. कापलेल्या कडा पक्कडीने आत दुमडा, नाहीतर पहिलं रक्त कोंबडीचं नसेल. तळाला ३ सेंमी कोरडी वाळू, तिच्यावर कोळशाची रोवळी. रोवळीच्या उंचीवर एका बाजूला १२ बाय १० सेंमीचं दार, समोरच्या बाजूला वाळूच्या जरा वर १२ मिमीची तीन भोकं. झाकणात तशीच दोन. साधारण १५ सेंमी उंचीवर दोन शिगा आरपार, त्यांवर पाण्याचा डबा. २५ सेंमीवर आणखी दोन, त्यांवर जाळी. जाळी आणि झाकण यांच्यात दहाएक सेंमी जागा उरते, त्यात चार तंगड्या आरामात मावतात. पाच कोंबल्या तर मधल्या तंगडीला धूर लागत नाही.

पहिल्यांदा डबा रिकामाच दीड तास पेटवायचा, तोही उघड्यावर. बाहेरचा छापील रंग जळतो तेव्हा येणारा वास जेवणात नको. आगीजवळचा चकचकीत पत्रा निळसर-करडा पडतो. डब्याला कथिलाचा मुलामा असतो आणि कथिल २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून तो बदल. वाळूचं मुख्य काम हेच, तळाला थेट निखारा लागू द्यायचा नाही.

या यंत्राची खरी परीक्षा हवेची. पत्रा पातळ असल्यामुळे उष्णता धरून ठेवत नाही. वाऱ्याची झुळूक आली की तापमान कोसळतं, भोकं जास्त उघडली की भसकन चढतं. जाळीच्या उंचीवर ११० ते १२० अंश हवेत, आणि ते हाताने चाचपून कळत नाहीत. ओव्हनचा डायल थर्मामीटर आणि मांसात खुपसायचा प्रोब, एवढी दोन खरेदी टाळू नका. हवा कमी करायला खालच्या भोकांवर कणकेचा गोळा थापायचा. तो कडक होतो, नखाने टोकरला की निघतो. वरची भोकं मात्र कधीच बुजवू नयेत. धूर आत कोंडला की डांबरासारखा चिकट थर मांसावर बसतो आणि तंगडी कडू होते. बांधणीत इतकं काही चुकत नाही, जितकं या एका चुकीमुळे बिघडतं.

कोळसा ३५० ग्रॅम, बाहेर पूर्ण पेटवून राख धरल्यावरच आत. दर पाऊण तासाला दारातून मूठभर निखारे वाढवायचे. लाकडाचे अंगठ्याएवढे तीनच तुकडे, पेरू किंवा आंब्याचे, वाळलेले. भिजवलेल्या तुकड्यांतून सुरुवातीला नुसती वाफ येते. नारळाची करवंटीही चालते, पण एकच तुकडा, तिचा धूर झणझणीत. पेटीची फळकुटं, प्लायवूड, निलगिरी नकोत आणि कण्हेर तर विषारीच. झाकणातून पांढरा दाट धूर येत असेल तर मांस ठेवायची घाई करू नका. तो विरळ, निळसर झाला की वेळ झाली.

तंगडीसाठी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, फ्रिजमध्ये चार तास. मग पुसून फ्रिजमध्येच उघड्यावर तासभर सुकवायची. ओल्या कातडीवर धुराचे ओघळ उठतात. पाण्याच्या डब्यात अर्धा लिटर पाणी. ते आटलं की ठिबकणारी चरबी जळून काजळी धरते. दीड ते दोन तासांत हाडाजवळ ७४ अंश झाले पाहिजेत. आतली गुलाबी कड कच्चेपणाची खूण नाही, तो धुरातल्या वायूचा परिणाम. पण निकाल प्रोबनेच लावायचा. कातडी रबरासारखी राहते, हा या डब्याचा कायमचा दोष. शेवटी गरम तव्यावर दोन मिनिटं दाबली की सुटतो.

बांगडा मात्र तंगडीहूनही सरस होतो. ताजा, पोट साफ केलेला, तासभर तशाच मिठाच्या पाण्यात. आतून ६३ अंश गाठून अर्धा तास तिथेच टिकला पाहिजे. स्वतःच्या तेलात तो मऊ राहतो आणि कातडी तांब्यासारखी चमकते.

बोकडाच्या मांडीला हा डबा नको. चरबी कमी, वेळ भरपूर, आणि एवढा वेळ तापमान धरणं पातळ पत्र्याच्या बसची बात नाही. गोव्याच्या चोरीससारखं (डुकराच्या मांसाचं सॉसेज) मीठ-व्हिनेगर मुरवून, उन्हाधुरात वाळवलेलं काही यात करायचा मोहही नको. ती वेगळी विद्या आहे आणि गार धुरात कोमट राहिलेलं मांस जिवाणूंना आंदण.

फ्लॅटच्या बंद गॅलरीत हे पेटवू नका, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गच्ची किंवा अंगण, तेही विटांवर ठेवून.

डबा तसा अल्पायुषी. राख ओली राहिली की तळ गंजतो, म्हणून गार झाल्यावर वाळूसकट रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने दाबल्यावर तळ खचला की डबा भंगारात टाकायचा आणि रोवळी, जाळी, शिगा नव्या डब्यात.