जुन्या डिझेल जीपचे उडणारे फ्यूज: मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि फ्यूजसंच वापरून पाहिल्यावर

नाशिक ते पिंपळगाव बसवंत अशा शेताच्या फेऱ्यांसाठी आमच्याकडे २००३ सालच्या बनावटीची, मेकॅनिकल पंपाची एक डिझेल जीप आहे. तिच्या वायरिंगमधील दोष शोधण्यासाठी एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारास मी एक साधा डिजिटल मल्टिमीटर, टोकदार सुईचा टेस्ट लॅम्प (वायरीत वीज आहे का ते दाखवणारा दिवा), ब्लेड फ्यूजची मिश्र पेटी आणि फ्यूजच्या खाचेत बसणारा, आपोआप तुटून पुन्हा जोडला जाणारा सर्किट ब्रेकर घेतला. डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारे) नंतर आले. आता पावसाळा सरला आहे, ऑक्टोबर छाटणीही उरकली आहे आणि प्रत्येक साधनाची योग्यता पुरेशी कळली आहे. सर्वांत जास्त काम दिले ते मात्र विकत न घेतलेल्या साधनाने, म्हणजे एक फिलामेंट गेलेल्या आणि दुसरे शाबूत असलेल्या हेडलाइटच्या एच-४ बल्बने.

या गाडीत डॅशबोर्डवरील काटे, रिव्हर्स लाइट आणि डिझेल पंपावरील सोलेनॉइड हे तिन्ही एकाच १० अँपिअरच्या लाल फ्यूजवर आहेत. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला चालू राहण्यासाठी वीज लागत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि ते बहुतांशी खरेही आहे. परंतु चावी बंद करताच इंजिन थांबावे म्हणून अशा अनेक पंपांवर डिझेलचा मार्ग उघडा ठेवणारा सोलेनॉइड असतो आणि त्याला सतत १२ व्होल्ट मिळावे लागतात. त्यामुळे हा फ्यूज उडाला की काटे खाली पडतात आणि त्याबरोबर चालती गाडीही बंद होते. त्र्यंबक रस्त्याच्या चढावर, मागे बसगाड्यांची रांग असताना, हा अनुभव फार वाईट असतो.

गॅरेजमध्ये यावर मिळणारा सल्ला ठरलेला आहे: २० अँपिअरचा पिवळा फ्यूज टाका, किंवा तांब्याची तार गुंडाळा. फ्यूज उपकरणासाठी नसून वायरसाठी असतो, हे येथे विसरले जाते. वायरच्या जाडीला जेवढा प्रवाह झेपतो त्याच्या आत फ्यूज तुटावा अशी ती योजना असते, आणि मोठा फ्यूज टाकला की फ्यूजचे काम वायर स्वतः जळून करते. दुसरे असे की, ब्लेड फ्यूज त्यावर छापलेल्या आकड्याला लगेच उडत नाही. तो ११० टक्के भार दीर्घकाळ वाहतो, १३५ टक्क्यांना दहा मिनिटांपर्यंत तग धरू शकतो आणि दुप्पट भाराला साधारण पाच सेकंदांच्या आत तुटतो. त्यामुळे उडालेल्या फ्यूजची कडी, म्हणजे आतली धातूची पट्टी, कशी तुटली आहे ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. मधोमध वितळून लहानशी फट पडली असेल तर बहुधा भार हळूहळू वाढलेला असतो. कडी पूर्ण नाहीशी होऊन आतले प्लास्टिक काळे पडले असेल तर वायर थेट बॉडीला लागलेली असते. आमचे फ्यूज दर वेळी काळे निघत होते.

शॉर्ट, म्हणजे वायर बॉडीला लागण्याची जागा, शोधण्यासाठी नवे फ्यूज घालून जाळत बसण्याला अर्थ नसतो, कारण फ्यूज क्षणात जातो आणि तपासायला काहीच उरत नाही. द्वारका परिसरातील एका वयस्क वायरमनने हे एका वाक्यात सांगितले: “साहेब, फ्यूज जाळून शॉर्ट सापडत नसतो, त्याच्या जागी बल्ब लावा.” पद्धत अशी आहे. त्या सर्किटवरील सगळी उपकरणे कपलर (वायरींच्या प्लगसारख्या जोडण्या) काढून वेगळी करावीत, फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांमध्ये बल्बच्या दोन वायरी जोडाव्यात आणि इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी. शॉर्ट नसेल तर बल्ब विझलेला राहतो. वायर बॉडीला लागली की तो पूर्ण उजळतो, पण ५५ वॅटच्या फिलामेंटमुळे प्रवाह सुमारे साडेचार अँपिअरच्या पुढे जात नाही, म्हणून वायरिंग सुरक्षित राहते आणि शांतपणे एकेक जागा हलवून पाहता येते. उपकरणे वेगळी करण्याची पायरी टाळू नये. ती जोडलेली असतील तर त्यांच्याच भाराने बल्ब मंद पेटतो आणि नसलेल्या शॉर्टचा शोध सुरू होतो.

आमच्या जीपमध्ये बल्ब बराच वेळ विझलेलाच राहिला. मागच्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, हलवले, डॅशबोर्डखाली हात घातला, तरी काही फरक पडला नाही. रिव्हर्सच्या स्विचनंतरची वायर फक्त रिव्हर्स गिअरमध्येच जिवंत असते आणि फ्यूज तर सरळ चालताना उडत होता, म्हणून मागचा सगळा भाग संशयातून वगळता आला. उरला तो फ्यूजपेटीपासून गिअरबॉक्सवरील स्विचपर्यंतचा तुकडा. एकाने इंजिन हातांनी दाबून डोलवले तेव्हा बल्ब लख्ख झाला. सायलेन्सरच्या पाइपाजवळ क्लिप तुटून वायर खाली लोंबली होती, उष्णतेने तिचे आवरण कडक होऊन तडकले होते आणि चढावर इंजिनाने झोल घेतला की तांबे ब्रॅकेटला टेकत होते. वायरचा तेवढा तुकडा बदलून, त्यावर उष्णतारोधक नळी चढवून नवी क्लिप बसवली. त्यानंतर पूर्ण पावसाळ्यात तो फ्यूज उडालेला नाही.

विकतच्या टेस्ट लॅम्पबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. तो चांगला आहे, मात्र त्याच्या सुईने वायरचे आवरण टोचू नये. एवढ्याशा छिद्रातून पावसाळ्यात ओल शिरते आणि आतले तांबे हिरवे पडत जाते. तपासणी कपलरच्या मागच्या बाजूने करावी. एअरबॅग आणि संगणकीय नियंत्रण असलेल्या अलीकडच्या गाड्यांत मात्र असा दिवा किंवा हेडलाइटचा बल्ब कुठेही लावत फिरू नये. हे सारे लिखाण जुन्या, साध्या वायरिंगपुरतेच आहे.

मल्टिमीटरविषयी माझे मत वापरासोबत बदलत गेले. बहुतेक जण त्याचा ‘पीप’ वाजणारा कंटिन्युइटीचा पर्याय वापरतात, आणि गाडीच्या वायरिंगमध्ये सर्वाधिक फसवणारा पर्याय तोच आहे. या तपासणीत मीटर वायरमधून अगदी क्षीण प्रवाह सोडतो. वायरमधल्या सगळ्या तारा कुजून एकच उरली असली तरी पीप वाजतो, पण त्या एका तारेवर हेडलाइट पेटत नाही. व्होल्टेजचेही तसेच. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नसल्याने कुजलेल्या वायरच्या टोकालाही १२.६ व्होल्ट दिसतात, तेथेच २१ वॅटचा बल्ब लावला की तो लाल होऊन बसतो. मीटरने पाहायचे ते भार चालू असताना होणारी व्होल्टेजची घट.

याचे उदाहरण आमच्या डाव्या टेललाइटचे आहे. ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणत असे. यात बल्ब, फ्लॅशर, होल्डर सगळे बदलण्याचा सल्ला मिळाला होता. ब्रेक आणि पार्किंगचे दिवे चालू ठेवून मीटरची एक वायर बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी टेललाइटच्या अर्थिंगला (प्रवाह पत्र्यातून बॅटरीकडे परतण्याच्या जोडणीला) लावली, तेव्हा आकडा तीन व्होल्टच्या आसपास आला. चांगल्या अर्थिंगमध्ये ही घट ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असावी लागते. म्हणजे परतीचा रस्ता अडला होता आणि प्रवाह इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा वाट काढत होता. कारण उघडल्यावर कळले: बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचुदाच्या गोण्या याच जीपमधून जातात, मागच्या कोपऱ्यात सांडलेली पूड ओलीने विरघळते आणि मोरचुदाचे पाणी लोखंड खाते. अर्थिंगचा स्क्रू गंजाच्या पापुद्र्यावर टेकलेला होता. पत्रा घासून, नवा लग (वायरीच्या टोकाचे धातूचे कडे) दाबून, वर पेट्रोलियम जेली लावून आणि चेसिसपर्यंत वेगळी वायर ओढून घट ०.१ व्होल्टच्या खाली आणली. द्राक्षपट्ट्यातील ज्यांच्या गाड्यांतून औषधे जातात त्यांनी मागची अर्थिंग दर हंगामात एकदा पाहावी.

फ्यूज शाबूत, पण त्याचे प्लास्टिक मऊ पडून वाकलेले, हा वरच्या दोन प्रकारांशिवायचा तिसरा प्रकार आम्हाला हेडलाइटच्या खाचेत दिसला. गाडीत आधीच्या मालकाने १००/९० वॅटचे बल्ब घातले होते. हेडलाइटच्या वरच्या प्रकाशात (हाय बीम) दोन बल्बांचे २०० वॅट, म्हणजे सुमारे १६ ते १७ अँपिअर जुन्या, सैल पडलेल्या खाचेतून वाहत होते. खाचेचा विरोध ०.०५ ओहम जरी धरला तरी त्या एका बिंदूवर जवळपास १४ वॅट उष्णता तयार होते. मूळच्या ६०/५५ वॅटच्या बल्बांनी ती ५ वॅटवर येते. येथे फ्यूज मोठा करणे किंवा लहान करणे दोन्ही निरुपयोगी आहे. खाचेची पाती बदलली, मूळ वॅटचे बल्ब घातले आणि ३०, ८५, ८६, ८७ अशा खुणांचा चार टोकांचा रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घालून हेडलाइटचा भार थेट बॅटरीवरून, वेगळ्या फ्यूजमधून घेतला. कसारा घाटात रात्री उतरताना फरक स्पष्ट जाणवतो आणि तो जास्त वॅटच्या बल्बांपेक्षा चांगला आहे, कारण बल्बला आता पूर्ण व्होल्टेज पोहोचते.

फ्यूजच्या मिश्र पेटीने माझी सर्वांत जास्त निराशा केली. रंग बरोबर होते: ५ अँपिअरचा फिका तपकिरी, ७.५ चा गडद तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. पण रंग बरोबर असला म्हणून कडी बरोबर असतेच असे नाही, म्हणून मी एक चाचणी केली. दोन एच-४ बल्बांची चारही फिलामेंट एकत्र जोडली की सुमारे १९ अँपिअर भार होतो, म्हणजे १० अँपिअरच्या फ्यूजला जवळजवळ दुप्पट, आणि तो काही सेकंदांत तुटायला हवा. पेटीतला लाल फ्यूज तुटला नाही. प्लास्टिक वितळायला लागले तेव्हा मीच वायर काढली. गाडीतून काढलेला जुना, मूळ फ्यूज त्याच जोडणीत झटकन उडाला. ही चाचणी मोकळ्या जागेत, जाड वायरी वापरून आणि हातात पक्कड ठेवूनच करावी, पण करावी अवश्य. ती पेटी आता फक्त रंग ओळखायला मुलांच्या हाती दिली आहे आणि गाडीत नेहमीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून सुटे घेतलेले फ्यूज आहेत.

आपोआप जोडल्या जाणाऱ्या सर्किट ब्रेकरबद्दल एकच सूचना आहे: तो शोधासाठी वापरावा, कायम गाडीत ठेवू नये. शॉर्ट कायम असला तर तो तापतो, तुटतो, थंड होतो, पुन्हा जोडतो, आणि प्रत्येक वेळी त्या वायरमधून पूर्ण प्रवाहाचा झटका जात राहतो. बल्बाची पद्धत माहीत असेल तर त्याची गरजही उरत नाही.

क्लॅम्प मीटर मी उभ्या गाडीची बॅटरी उतरण्याच्या तक्रारीसाठी घेतले. ते शेकडो अँपिअरचा स्टार्टरचा प्रवाह उत्तम दाखवते, परंतु लहान प्रवाहात त्याचा आकडा शून्याच्या आजूबाजूला तरंगत राहतो. उभ्या गाडीचा खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत असावा, आणि तो पाहण्याचे काम साध्या मल्टिमीटरनेच अधिक चांगले केले: फ्यूज न काढता प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरील दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजायचे, जेथे आकडा दिसेल त्या सर्किटमधून प्रवाह चालू आहे. आमच्याकडे नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम चावी बंद असतानाही ०.४ अँपिअर ओढत होता, म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-तासांहून अधिक, आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत अर्ध्यावर येण्यास तेवढे पुरते. त्याची वायर चावीनंतरच्या फ्यूजवर घेतली. क्लॅम्प मीटर ज्यांना ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणता येईल त्यांनी ते विकत घेण्याची गरज नाही.