महिन्याचे हजार रुपये आणि गावचा डॉक्टर, की ईसीएचएसचं कार्ड?

१ एप्रिल २००३ नंतर पेन्शन घेऊन फौजेतून निवृत्त झालेल्यांना इथे निवडायचं काही नाही. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, आणि तिचं सदस्यत्व त्यांना सक्तीचंच आहे. त्याआधी निवृत्त झालेल्यांची आणि त्यांच्या पश्चात कुटुंब पेन्शन घेणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी. सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर भागातल्या खेड्यांत अशी अनेक घरं अजून वैद्यकीय भत्त्यावर आहेत. पेन्शनमध्ये दरमहा १००० रुपये येतात, ताप-खोकल्याला गावातला डॉक्टर आहे, आणि "कार्ड काढू का?" हा प्रश्न एखादं मोठं दुखणं आलं की निघतो. तो तब्येत बरी असताना सोडवलेला बरा.

आधी पैशाचा हिशेब. १ जुलै २०१७ पासून भत्ता महिना १००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००. घरात नवरा-बायको दोघं असतील तर दिवसाला माणशी सोळा-सतरा रुपये. कार्ड घेतलं की हा भत्ता बंद होतो. शिवाय एकदाच भरायची वर्गणी असते: शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,०००, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,०००. हे दर डिसेंबर २०१७ मध्ये ठरलेले आहेत. १ जानेवारी १९९६ च्या आधी जे निवृत्त झाले त्यांना वर्गणी माफ आहे, युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींनाही माफ आहे. हे माहीत नसल्यामुळे "तीस हजार कुठून आणू" म्हणत थांबलेले लोक गावोगाव सापडतात.

म्हणजे १९९८ साली निवृत्त झालेल्या हवालदाराने आज कार्ड घेतलं तर दहा वर्षांत ३०,००० वर्गणीचे आणि १,२०,००० बुडालेल्या भत्त्याचे, असे दीड लाख गेले. १९९४ सालच्या हवालदाराचे एक लाख वीस हजारच. त्या बदल्यात तो, बायको, अटीत बसत असतील तर अवलंबून आई-वडील आणि मुलं, सगळ्यांचा इलाज येतो. फक्त मागे फिरायचं मनात ठेवून हा निर्णय घेऊ नका. भरलेली वर्गणी परत मिळत नाही.

रोजच्या दुखण्याला

ताप, जुलाब, रात्री अचानक चढलेला बीपी, पायाला लागलेला खिळा यासाठी गावचा डॉक्टर कधीही सरस. तो संध्याकाळी सात वाजता दवाखाना उघडा ठेवतो. पॉलिक्लिनिक, म्हणजे ईसीएचएसचा स्वतःचा दवाखाना, दिवसाच उघडं असतं, आणि बहुतेकांना त्यासाठी तालुका ओलांडावा लागतो. एसटीचं तिकीट हे खरं अडचणीचं कारण नाही: पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं भाडं, बायकांनाही अर्धं. अडचण गुडघ्यांची आणि दिवसाची. पहिल्या गाडीने निघायचं, नोंदणी करून टोकन घ्यायचं, बीपी-शुगर तपासून डॉक्टरसमोर बसायचं आणि मग औषधाच्या खिडकीवरची वेगळी रांग. दुपारची गाडी चुकली तर घरी दिवेलागणीला. ज्याच्या घरी सोबत यायला माणूस नाही, त्याने हे पहिल्यांदा मोजावं.

पण रोज चालणाऱ्या गोळ्यांचा हिशेब वेगळा लागतो. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन एवढ्यावर भागत असेल तर जनऔषधी केंद्रातून घेऊन हजारात दोघांचं निभतं. महागडं इन्सुलिन, दम्याचे पंप, हृदयाच्या चार-पाच गोळ्या, दर तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या असं सुरू झालं की भत्ता पहिल्या आठवड्यातच संपतो. कार्डावर हे सगळं पॉलिक्लिनिकमधून मिळतं. साठ्यात नसेल तर ठरवून दिलेल्या केमिस्टकडून, आणि तिथेही नसेल तर 'उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन बाहेरून विकत घ्यायचं आणि बिल लावायचं. तो शेरा न घेता बाहेरून औषध आणलं तर ते बिल घरातच राहतं.

दात आणि कान हे दोन विषय लोक विसरतात. तोफखान्यात किंवा रेंजवर वर्षं काढलेल्यांचे कान गेलेले असतात. घरच्यांना वाटतं टीव्ही मोठा लावायची सवय आहे. श्रवणयंत्र ठरलेल्या मर्यादेत ईसीएचएसमधून मिळतं. दाताचे डॉक्टरही बऱ्याच पॉलिक्लिनिकमध्ये बसतात. हजार रुपयांच्या भत्त्यात यातलं काहीच बसत नाही.

भरती व्हायची वेळ आली तर

इथे दोन वर्षांपूर्वीचं उत्तर आज चालत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत भरतीचा इलाज मिळतो. ईसीएचएसच्या सदस्याला दोन्हींतलं एकच धरता येतं. भत्त्यावरचा माजी सैनिक मात्र भत्ता आणि वय वंदना दोन्ही घेऊ शकतो. त्यामुळे 'भत्ता, गावचा डॉक्टर आणि वय वंदना' हा आता खरा पर्याय झाला आहे. निरोगी, पंचाहत्तरीच्या जोडप्याला, तेही पॉलिक्लिनिकपासून लांब राहणाऱ्या, तो वाईट म्हणता येणार नाही.

त्याच्या मर्यादा नीट बघा. वय वंदनात ओपीडी नाही: भरतीनंतरचे ठरावीक दिवस सोडले तर दरमहाच्या गोळ्या, तपासण्या, चष्मा, दात सगळं खिशातून. ५ लाख हे घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून. बायको ६६ ची असेल तर ती त्यात येत नाही. तिच्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना, आणि तिथे यादीतले उपचारच. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, कॅन्सरचं लांबलेलं औषधपाणी, दोन्ही गुडघे बदलणं असं समोर दिसत असेल तर ईसीएचएस घ्या, फार विचार करू नका.

ईसीएचएसचीही दुखणी आहेत. बिलं थकली की पॅनेलवरची, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेली, हॉस्पिटलं 'बेड नाही' म्हणायला लागतात किंवा पॅनेल सोडतात. म्हणून जाण्याआधी फोन करून 'ईसीएचएसची कॅशलेस भरती चालू आहे का' एवढं विचारा. जुन्या यादीच्या भरवशावर ऐंशी किलोमीटर जाऊ नका. हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट असा हक्क असतो. मुलांनी हौसेने वरची खोली घेतली तर फरक तुमचा.

रात्री छातीत दुखलं तर पॉलिक्लिनिकच्या रेफरलची, म्हणजे हॉस्पिटलला पाठवणाऱ्या चिठ्ठीची, वाट बघायची नाही. गावच्या डॉक्टरने ईसीजी काढून चिठ्ठी दिली की थेट पॅनेलवरच्या हॉस्पिटलात. तिथे कार्ड दाखवल्यावर पुढची ऑनलाइन नोंद हॉस्पिटल करतं. जवळ पॅनेलचं काही नसेल तर कुठेही जा, पण ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि 'तातडीची स्थिती होती' असा हॉस्पिटलचा दाखला जपून ठेवा. पैसे सरकारी दराने परत मिळतात, बिलाप्रमाणे नाही. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात हा फरक बोचतो.

कार्ड घेतलं तरी गावचा डॉक्टर सोडू नका, पण एक काळजी घ्या

दोन्हीकडे जाणाऱ्यांच्या पिशवीत एक धोका असतो. पॉलिक्लिनिकमधून टेल्मिसार्टन ४० ची एका कंपनीची स्ट्रिप मिळते, गावचा डॉक्टर तेच औषध दुसऱ्या नावाने लिहितो. नाव वेगळं, डबी वेगळी, म्हातारा दोन्ही घेतो. मग सकाळी उठताना चक्कर आणि पडून खुबा मोडणं. ग्लिमेपिराइडचं असं झालं तर शुगर एकदम खाली. उपाय साधा आहे: स्ट्रिपवर ठळक छापलेल्या कंपनीच्या नावाखालचं बारीक नाव वाचायचं, तेच एका वहीत उतरवायचं, आणि वही दोन्ही ठिकाणी पुढे करायची. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी पॉलिक्लिनिक जशीच्या तशी चालवत नाही, तिथला डॉक्टर स्वतः तपासून लिहितो. तरी जुने कागद नेले तर काही तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

गावच्या डॉक्टरला तुम्ही फौजेत होता हे सांगितलेलं आहे का? अपंगत्व पेन्शन कशाची आहे, कुठली जुनी जखम आहे, सियाचीनला बोटं गेली होती का, रोज दारू किती घेता, झोप लागते का, हे तो आपणहून विचारणार नाही.

अर्ज कुठे अडकतो

पेन्शन स्लिप संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवरून काढा आणि भत्ता येतो की नाही ते त्यात बघा. अर्जासोबत भत्ता बंद केल्याचा कागद लागतो. बाकी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, फोटो. सगळ्यात जास्त अर्ज नावात अडकतात. सर्व्हिस रेकॉर्डला बायकोचं नाव 'सुमन', आधारवर 'सुमनबाई' आणि पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव कुठे आधी कुठे शेवटी. जन्मतारीख तर दोन्हीकडे अंदाजाने घातलेली. असं असेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसमधून दुरुस्ती करून घ्या, मग अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात प्रतिज्ञापत्राचा मसुदा मिळतो आणि कागद पुढे पाठवायला मदतही होते. पेन्शनच न मिळणाऱ्या माजी सैनिकांनीही याच कार्यालयात जावं. हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांना केंद्रीय सैनिक बोर्डाची उपचारासाठीची मदत इथूनच मागता येते.

माजी सैनिक वारल्यावर त्याच्या कार्डावर विधवेचा इलाज फार दिवस चालत नाही. कुटुंब पेन्शनचा पीपीओ हातात आला की तिच्या नावाने नवा अर्ज करायचा. तेराव्यानंतरच्या गडबडीत हे राहून जातं आणि पहिल्या आजारपणाला खिडकीवर कार्ड बंद असल्याचं कळतं.