न्यूट्रॉन ताऱ्यांचं वर्कशॉप, वाशी : कणकेचा डेमो अर्धा चुकला तरी पैसे वसूल

भाचीच्या हट्टापायी रविवारी गेलो, माणशी ४०० रुपये, मी पडलो कॉमर्सवाला त्यामुळे मागे बसून डुलकी काढायची पूर्ण तयारी होती. सुरुवात ४० मिनिटं लेट, एसी बंद.

पण सर जबरदस्त! न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याच्या साधारण दीडपट माल आणि आकार केवढा तर ठाण्याहून सरळ रेषेत बेलापूर, फार तर थोडं पुढे. चमचाभर उचलला तर शेकडो कोटी टन. हे यूट्यूबवर पण मिळतं म्हणा. खरी मजा डब्यातून कणकेचे दोन गोळे निघाले तेव्हा, एक सैल पोळ्यांचा, एक घट्ट पुऱ्यांचा. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ आले की चंद्र खाडीला भरती आणतो तसे एकमेकांना ताणतात, आणि जेवढे जास्त ताणले जातात तेवढे लवकर आदळतात, तो फरक गुरुत्वीय लहरींत, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांत, उमटतो. सैल गोळा लगेच लांबट, घट्टवाला ढिम्म.

तेवढ्यात मागून एक कॉलेजचा पोरगा बोलला, सर हे उलटं होतंय ना? आणि सरांनी चक्क मान्य केलं! आतला माल मऊ असेल तर तारा स्वतःच्याच वजनाने दबून छोटा होतो, म्हणून कमी ताणला जातो, कडक मालाचा तारा मोठा फुगीर राहतो आणि तोच जास्त ताणला जातो. मला हे त्या चुकीमुळेच कळलं, नाहीतर गोळे बघून घरी गेलो असतो. १७ ऑगस्ट २०१७ ला अशाच दोन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी पकडल्या गेल्या, त्यात ताणाताणी फारशी दिसली नाही, म्हणजे त्रिज्या १२ किलोमीटरच्या आसपास, फार फुगीर तारे बाद.

त्या टकरीचा सिग्नल ऐकवताना नेमका स्पीकर खरखरला. सर म्हणाले, त्या दिवशी अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टनच्या, या लहरी पकडणाऱ्या डिटेक्टरमध्येही टकरीच्या सेकंदभर आधी असाच खर्रर गोंधळ झालेला! आदळल्यानंतर आत काय झालं ते तर कोणालाच ऐकू आलं नाही, तो सूर त्या यंत्रांच्या मानाने फार वरचा.

अशा टकरीत सोनं कसं बनतं ते शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं, हॉल रिकामा करायचा होता म्हणे. उशीर यांचा आणि कात्री आमच्या सोन्याला. एक स्टार त्याचा कापला, चार देतोय. पुढच्या बॅचला जाणार असाल तर पंखा असलेली रांग पकडा, डावीकडची.