बाथ की ब्रिस्टल: जॉर्जियन घर कुठलं बघावं?

लंडनहून एका दिवसासाठी पश्चिमेकडे निघालात आणि अठराव्या शतकातलं, म्हणजे जॉर्ज नावाच्या ब्रिटिश राजांच्या काळातलं ('जॉर्जियन'), एकच घर आतून बघण्याइतका वेळ असेल, तर निवड बहुधा दोन पत्त्यांत होते: बाथमधलं 'नंबर 1, रॉयल क्रेसेंट' आणि ब्रिस्टलमधलं 'जॉर्जियन हाऊस', 7 ग्रेट जॉर्ज स्ट्रीट. दोन्ही आता संग्रहालयं आहेत आणि ही शहरं रेल्वेने जेमतेम पाव तासाच्या अंतरावर.

रॉयल क्रेसेंट 1767 ते 1774 या काळात धाकट्या जॉन वुड या वास्तुकाराने उभारलं. चंद्रकोरीसारखी वळलेली तीस घरांची रांग, तिला 114 आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेले, ग्रीक धाटणीचे) खांब. तळमजला मुद्दाम साधा ठेवलाय. खांब त्याच्या वरून सुरू होऊन दोन मजले चढतात, म्हणून तीस बिऱ्हाडं मिळून एकच राजवाडा वाटतो. खरी गंमत पुढे आहे. वुडने ठरवून दिला तो फक्त दर्शनी भाग. ज्याने जेवढी रुंदी विकत घेतली, त्याने मागे आपल्या पसंतीचा आर्किटेक्ट लावून हवं तसं घर बांधलं. म्हणून मागच्या बाजूला जाऊन बघाच: छपरं खालीवर, भिंती पुढेमागे, खिडक्यांचा एकमेकींशी मेळ नाही. आजचा बिल्डर सॅम्पल फ्लॅटवर जेवढा जीव टाकतो, तेवढा इथे दर्शनी भागावर टाकलाय. आणि हे सगळं बघायला तिकीट लागत नाही.

तिकीट आहे ते आतलं. 'नंबर 1' हे रांगेतलं पहिलं घर. 1776 मध्ये हेन्री सँडफर्ड नावाचे आयर्लंडचे माजी खासदार इथे भाड्याने राहायला आले, आणि खोल्या त्या काळानुसार सजवल्या आहेत. सामान जुनं आहे, पण बरंचसं बाहेरून जमवलेलं. दिवाणखाना देखणा, मला मात्र नोकरांची बाजू जास्त आवडते. मध्यंतरी वेगळा झालेला हा भाग 2013 मध्ये मूळ घराला पुन्हा जोडला गेला, त्यामुळे मालकांची वाट आणि राबणाऱ्यांची वाट कशी वेगळी होती ते चालताचालता समजतं.

ब्रिस्टलचं घर रस्त्यावरून पाहिलं तर कदाचित थांबणारही नाही. साधी दगडी भिंत, प्रमाणात बसवलेल्या सरकत्या खिडक्या, बस्स. विल्यम पेटीच्या आराखड्यावरून 1788 ते 1791 मध्ये ते बांधलं गेलं, जॉन पिनी या साखरेच्या व्यापाऱ्यासाठी. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर त्याचे उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत. इथे घर खालून वर वाचता येतं: तळघरात स्वयंपाकघर आणि थंड पाण्यात डुंबायला बांधलेला हौद (पिनीसाहेबांना त्याची हौस होती), वर कामकाजाची खोली, त्यावर पाहुण्यांसाठीच्या खोल्या, आणखी वर शयनगृहं. वाड्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्याला चौकाची उणीव लगेच जाणवते. इथे उजेड येतो तो फक्त पुढून आणि मागून, आणि सगळा संसार जिन्यावर टांगलेला.

या घरात पेरो जोन्सही राहत होता. पिनीने 1765 मध्ये त्याला विकत घेतलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पुढे मालकाचा खासगी नोकर म्हणून तो ब्रिस्टलला आला आणि 1798 मध्ये मुक्त न होताच वारला. बंदरातल्या एका पादचारी पुलाला आता त्याचं नाव आहे. बाथमध्ये पैसा कुठून आला हा प्रश्न सहज विसरता येतो. इथे संग्रहालय तो विसरू देत नाही, आणि मला तरी ही या घराची मोठी जमेची बाजू वाटते.

तेव्हा माझं मत: बाथ बाहेरून बघा, ब्रिस्टल आतून. ब्रिस्टलला प्रवेश मोफत आहे, देणगी ऐच्छिक. जवळच कॉलेज ग्रीनपाशी राजा राममोहन रॉय यांचा पुतळा आहे. 1833 मध्ये ते याच शहरात वारले.

दोन अपवाद. हिवाळ्यात काही महिने ब्रिस्टलचं घर बंद असतं, तेव्हा मुकाट्याने बाथचं तिकीट काढा. आणि सोबत गुडघेदुखीवाले आईबाबा असतील तर ग्रेट जॉर्ज स्ट्रीटचा चढ आणि आतले जिने मिळून त्यांचा घाम काढतील. त्यांना क्रेसेंटसमोरच्या हिरवळीवर बसवा आणि आत तुम्ही एकटे जाऊन या.